हातात दिलेला चाकू

आमचे घरमालक काका चाकू हातात द्यायचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्याकडं चाकू असा हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा. मीठ, मिरची आणि चाकू हातोहात दिलं की भांडण होतं, हे सासूनं मला लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं आणि मी ते तोवर पाळत आले होते. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा त्यांनी तो चौकोनी पात्याचा चाकू माझ्यापुढं धरला तेव्हा मी हात मागं घेतला.

"काका, खाली ठेवा."

"नाय. हातातच घ्या."

"अशानं भांडण होतं."

"व्हायलाच पाहिजे," काका म्हणाले. "भांडल्याशिवाय चाकू सुधरत नाय."

घेतला मी. करते काय, घर त्यांचं होतं.

आता काका-काकू लेकीकडं नाशिकला असतात. तेव्हा बजाजनगरातल्या त्या घरात ते वर राहायचे आणि आम्ही खाली. वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांची मेस मी तिथंच चालवते. पोरं म्हणजे नावाला पोरं, काहींच्या मिशा पिकायला लागल्यात, पण सगळी मला मावशीच म्हणतात. आमचे हे डबे पोचवतात. काका एका कंपनीच्या टूलरूममधनं रिटायर झालेले. पत्र्याला भोकं पाडायचे पंच, डाय, असली कामं त्यांनी आयुष्यभर केली. आमच्या कॉलनीत रिटायर माणसं सकाळी बागेत गोल गोल फिरतात आणि संध्याकाळी देश चालवतात. काका मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे आणि पोलाद घासत बसायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं एका जपानी इंजिनिअरमुळं. कंपनीत नवं मशीन बसवायला तो आला होता, काकूंच्या हातची येसर आमटी खाऊन खूश झाला आणि जाताना स्वतःचा भाजी चिरायचा चाकू काकांना देऊन गेला. तिकडं त्याला नाकिरी म्हणतात. चौकोनी पातं, पुढं टोक नाही, कागदासारखा पातळ. दुसरा कुणी असता तर त्यानं कांदा तरी चिरून बघितला असता. काकांनी आधी त्याची मूठ उखडली आणि आत काय आहे ते बघितलं. काकू म्हणायच्या, "बिचारा पाहुणा. परत आला असता तर चाकूचे हाल बघून तिथंच रडला असता."

मग काका तसा चाकू स्वतः करायच्या मागं लागले. मोबाइलवर जपानी लोहारांचे व्हिडिओ बघायचे, तेही आवाज बंद करून. मी एकदा म्हणलं, खाली इंग्रजीत लिहून येतं ते तरी वाचा. तर म्हणाले, "भाषा कळली की माणूस तोंडाकडं बघतो. मला हात बघायचेत."

त्यांना कौतुक चालायचं नाही. शेजारच्या बाईंनी एकदा चाकू हातात घेऊन "लई छान झालाय हो" म्हणलं, तर काकांनी तो तिथल्या तिथं काढून घेतला. "छान म्हणता म्हणजे वापरला नाय तुम्ही," असं वर तोंडावर सांगितलं. त्या बाई पुढं कितीतरी दिवस आमच्याकडं फिरकल्या नाहीत, आणि माझा विरजणाचा रोजचा आधार तुटला.

तक्रार केली की मात्र काकांचा चेहरा फुलायचा. शर्टाच्या खिशातनं काळा मार्कर काढायचे आणि तक्रार त्या पात्यावरच लिहायचे. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना असे चाकू टांगलेले असायचे. एकावर 'भोपळा', एकावर 'चिकटतं', एकावर 'मूठ ओली'. एकावर नुसतंच 'काकू' लिहिलेलं. ही काय भानगड म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिनं हातच लावला नाय त्याला. पुढं काय लिहू?"

खरंच, काकूंनी नवऱ्याच्या एकाही चाकूला हात लावला नव्हता. स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसली हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी होती त्यांची, ती मुठीत लटलटायची, पण त्यांना तीच प्यारी. "ह्यांचं समाधान होऊ द्या आधी," म्हणायच्या. "ज्या दिवशी होईल त्या दिवशी बघू."

काकांच्या परीक्षाही जगावेगळ्या. कोथिंबीर चिरून पाट उन्हात धरायचे. लाकडावर हिरवा डाग उमटला की चाकू नापास. त्यानं कोथिंबीर कापली नाही, चेंगरली, असा त्याचा अर्थ. लाल भोपळ्याची परीक्षा त्याहून अवघड. दौलताबादकडनं येणाऱ्या हातगाड्यांवरनं सगळ्यात निबर भोपळा निवडून आणायचे, मला कापायला लावायचे आणि स्वतः मान वाकडी करून कान लावून उभे. भोपळ्यानं 'कर्र' आवाज केला की डोळे मिटायचे. "फुटला. कापला गेला नाय. पातं मागं जाड राहिलंय." मी म्हणायची, काका, भोपळा भाजीत जाणार, पोरांना काय कळतंय फुटला का कापला. ते ऐकायचेच नाहीत. पण खोटं कशाला सांगू, पुढं पुढं मलाही तो आवाज ऐकू यायला लागला, आणि दुसऱ्याच्या घरी कुणी भोपळा कापताना दिसलं की माझीही मान वाकडी व्हायची. आमचे हे म्हणाले, आता तू पण.

मुठीसाठी त्यांनी माझ्या पकडीचा ठसा घेतला त्याची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. कणकेचा गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, चाकू धरता तसा धरा, दाबा. बोटांच्या खुणा उमटलेला तो गोळा त्यांनी देवाच्या प्रसादासारखा ओंजळीत धरून वर नेला, ओट्यावर ठेवला आणि मोजायचं हत्यार आणायला शेडमध्ये गेले. परत येईपर्यंत काकूंनी त्याची पोळी लाटली होती. दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "ताई, तुमचा हात मी काल तुपासंगं खाल्ला." मग दुसरा गोळा द्यावा लागला.

हे सगळं हसण्यावारी वाटतंय, पण माझ्यासाठी हसण्यावारी नव्हतं. माझा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खाली बसायचं बंद, मांडी बंद, विळी बंद. आता मी जन्मात कधी उभी राहून भाजी चिरली नव्हती. विळीवर बसले की माझे हात आपोआप चालायचे, बोलता बोलता वांग्यांची रास पडायची. बाजारातला जाड चाकू घेऊन ओट्यापाशी उभी राहिले तर दुपारपर्यंत मनगट सुजायचं. रात्री पेला उचलवत नव्हता. आमचे हे म्हणाले, बंद करू मेस, गावाकडं जाऊ. गावाकडं म्हणजे दिराच्या घरात, जाऊबाईंच्या हाताखाली. जाऊबाई वाईट नाहीत. पण इथं मी वाढते तेव्हा पोरं जेवतात आणि तिथं मला विचारून चहा प्यावा लागला असता. मला ते नको होतं. एवढं सरळ होतं ते.

काकांना हे कळल्यापासून त्यांचे सगळे चाकू माझ्याच हातात यायला लागले. पहिला जपानी पद्धतीचा खरा चाकू त्यांनी दिला तो पातळ आणि कडक पोलादाचा. काय धार होती! कांदा चिरताना कांद्याला कळत नव्हतं. मनगटाला आराम पडला. मी मनात म्हणलं, चला, सुटले.

आणि मग पोळा आला.

पोळ्याला मी पोरांना पुरणपोळी करते. घरापासनं लांब राहणारी पोरं, सकाळपासनं वासावर असतात. मी डाळ शिजवली, गुळाची ढेप पाटावर घेतली, त्यात चाकू रोवला आणि फोडताना जरा पिळला. कुणीही पिळलाच असता. चाकू आहे, गूळ आहे, त्यात विचार काय करायचा? गूळ फुटला, डाळीत पडला, मी हाटायला घेतलं. पुरण शिजत आलं तेव्हा चाकू धुवायला घेतला, तर धारेत खाच. तांदळाच्या कणीएवढा तुकडा गायब.

पोलादाचा तुकडा, सुईपेक्षा वाईट, आणि समोर पातेलंभर पुरण. कुणाच्या पोटात गेला असता म्हणजे? मी जिन्यातनं हाक मारली. काका आले, खाच बघितली आणि तसेच शेडमध्ये गेले. येताना मोठा लोहचुंबक घेऊन आले. त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली.

"गॅस बंद करा. पराती काढा, हाय नाय तेवढ्या."

गरम पुरण आम्ही परातींवर पातळ थापलं. काका वाकून एकेका परातीवरनं चुंबक फिरवत होते, जसं बाळाच्या अंगावरनं हात फिरवतात तसं हळू. पहिल्या परातीत काही नाही. दुसरीत नाही. बाहेर पहिल्या पाळीची पोरं येऊन बसली होती, त्यातला एक ओरडला, "मावशी, वास तर लई भारी येतोय." मी पुढची परात सरकवली. सगळ्या पराती झाल्या, तुकडा नाही. मला वाटलं, हे सगळं आता उकिरड्यावर, आणि त्याच्याबरोबर माझी मेस.

काका म्हणाले, "उरलेला गूळ कुठंय?"

ढेपेचा राहिलेला भाग मी पुढं केला. त्यांनी चुंबक फिरवला आणि बारीकसा 'टिक' आवाज आला. पण काकांचं तेवढ्यानं भागलं नाही. खिशातनं भिंग काढलं, तुकडा चिमट्यात धरला आणि धारेतल्या खाचेत बसवून बघितला. असा बघितला, तसा बघितला.

"पुरता जुळतोय," ते म्हणाले. "दुसरा तुकडा नाय. वाढा पोरांना."

मी तिथंच भिंतीला टेकून रडले. मग पोळ्या लाटल्या. पोरांनी चाटूनपुसून खाल्लं, कुणाला काही कळलं नाही. आणि जेवणं उरकल्यावर मी काकांशी भांडले. चाकू हातात घेतल्याचं खरं भांडण त्या दिवशी झालं. म्हणलं, तुमचा चाकू तुमच्यापाशी ठेवा, उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर मी कुठं तोंड दाखवू? मला वाटलं, म्हणतील गूळ कशाला फोडलात. तसं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत.

"चूक चाकूची हाय," एवढंच बोलले. "गूळ तुमच्या ओट्यावर रोज असतो. मला दिसायला पाहिजे होता."

त्यांनी त्या पात्यावर 'गूळ' असं लिहिलं आणि वर गेले.

मी परत विळी काढली. डॉक्टर गेले खड्ड्यात म्हणलं. आठवडाभरात एक दिवस बसले ती उठताच येईना. आमच्या ह्यांनी काखेत हात घालून उचललं, त्या दिवशी मेसला कुलूप लागलं आणि ह्यांनी दिराला फोन करून खोली रिकामी आहे का विचारलं. मी आत पडून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी काकू खाली आल्या. म्हणाल्या, "ह्यांचं जेवणात लक्ष नाय. शेडमध्ये बसतात नि तो तुकडा बघत बसतात. तुम्ही आठवडाभर थांबा, एवढं माझं ऐका."

काकांनी पोलादच बदललं. पोलादाची भुकटी दाबून केलेली एक नवी जात असते, परदेशातनं येते, कंपन्यांत दिवसभर दणके खाणारे पंच तिचे करतात. आयुष्यभर ज्याचे पंच केले त्याचा भाजीचा चाकू करायचं कसं सुचलं नाही, म्हणून ते स्वतःवरच चिडले होते. जुन्या ओळखीतनं तुकडा मिळवला. ते पोलाद घरच्या भट्टीत कडक होत नाही, म्हणून चितेगावला भट्टीवाल्याकडं खेपा. तिथं मोठमोठ्या डाय भाजायला येतात, त्यात आपलं एवढंसं पातं कोण घेणार? काका पातं पेपरात गुंडाळून स्कूटरवर जायचे आणि आपल्याला पाहिजे तेवढ्या आचेवर कुणाचा माल लागतोय याची वाट बघत दारात बसायचे. लग्नात दुसऱ्याच्या वरातीत नाचून घेतात, तसं त्यांचं पातं दुसऱ्यांच्या मालात भाजून यायचं. कडकपणा त्यांनी मुद्दाम जरा उतरवून घेतला. मला म्हणाले, "ह्याची धार पहिल्यासारखी वेड लावणारी नसंल. पण पिळलं तर वाकंल, तुटणार नाय. वाकलेलं दिसतं. तुटलेलं आमटीत जातं."

ते पोलाद घासायलाही हट्टी. घासायच्या मशीनचे पट्ट्यामागनं पट्टे झिजायचे. काका उघड्या बोटांनी पातं धरायचे, चटका बसायला लागला की पाण्यात. मी म्हणलं हातमोजे घाला. म्हणाले, बोटाला कळलं नाही तर पोलाद तापून नासलं हे मला कोण सांगणार? त्या दिवसांत काकूंनी त्यांना भाकरी मोडून दिली, बोटं इतकी पोळलेली.

चाकू आला. हातातच दिला. मी घ्यायला तयार नव्हते, पण दिराकडची खोली डोळ्यापुढं होती. गूळ फोडला, मुद्दाम पिळला, काका भिंग घेऊन उभे. खाच नाही. पण भोपळा कर्रकन फुटला आणि संध्याकाळी मनगट परत ठणकायला लागलं. त्यांनी पुढं केलेला मार्कर बघून माझा तोल सुटला.

"काका, तुम्हाला सांगू का? विळी उचलावी लागत नाय. पायाखाली धरली की झालं. हातात निस्ती भाजी. इथं हे लोखंड दिवसभर मी उचलतेय."

काकांनी मार्कर परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "विळी ओट्यावर ठेवा. उभं राहून चिरून दाखवा."

मी विळी ओट्यावर ठेवली, ह्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि मी उभ्यानं वांगी चिरली. काका माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. विळीची धार कशी जराशी पोट काढून गोल असते, वांगं त्यावरनं कसं घसरत जातं, मनगट कसं सरळ राहतं, हे मोबाइलमधल्या जपान्याकडं बघावं तसं बघत होते. आवाज तेवढा चालू होता, कारण आमचे हे सारखे "माझं बोट, माझं बोट" म्हणत होते.

मग जपानी चाकूला त्यांनी विळीचं पोट दिलं. थोडंसंच, कळेल न कळेल असं. पातं मागं आणखी पातळ केलं, कारण हे पोलाद पातळ केलं तरी मोडणारं नव्हतं. पाठीला माझं बोट टेकतं तिथली कड गोल केली. आणि सगळा भार आणून ठेवला मी चिमटीत धरते नेमका तिथं. पाटावर चाकू टेकवला की तो आपल्या वजनानं खाली उतरायचा, मी नुसती वाट दाखवायची.

हातात दिला. मी वापरला. मेसचं कुलूप निघालं. रोज सकाळी काका जिन्यातनं विचारायचे, "तक्रार?" मी म्हणायची, काही नाय. त्यांना पटायचं नाही. "मनगट?" नाय. "भोपळा?" तुम्हीच ऐका की. ते खाली यायचे, कान लावायचे. भोपळा न बोलता दोन भाग व्हायचा. तरी चाकू वर घेऊन जायचे, घासायचे, परत आणून हातात द्यायचे, आणि मी वाट बघायची की आता काहीतरी बिघडवून आणतात की काय. दिराचा परत फोन आला, खोलीचं काय ठरलं म्हणून. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, सांगा त्यांना, अजून नक्की नाय. कारण मलाच अजून नक्की वाटत नव्हतं. एवढं चांगलं टिकत नसतं, असं आपलं मन म्हणत राहतं ना, तसं.

एक दिवस सकाळी मी मेथीच्या जुड्या सोडत होते. काका आले. चाकू धार लावून, पुसून आणलेला. मी सवयीनं हात पुढं केला.

त्यांनी हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला, मूठ माझ्या बाजूला करून, आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"घ्या," म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. इतक्या दिवसांचं ओझं अंगावरनं एकदम उतरलं. इतकं हलकं वाटलं की मटकन खाली बसावं, पण गुडघा आठवला. मी चाकू उचलला. ह्यांना म्हणलं, दिराला फोन करा, आम्ही येत नाही.

काका जिना चढून गेले. वरनं काकूंचा आवाज आला, "दिला का ताईंच्या हातात?"

"नाय," काका म्हणाले. "खाली ठेवला."

वर सुरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "मग आता मला एक करा."